अज्ञात वाहन

मक्याला कोंब फुटायला लागले होते. थोरलीने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला आणि नाकाशी नेला. आतून ऊब येत होती आणि ओल्या गोणपाटाचा कुबट वास. चार दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. सोलून ठेवलेला मका ओसरीवर ताडपत्रीखाली घाम गाळत पडला होता. तळहाताला चिकटून आलेल्या दाण्यांपैकी दोनांच्या टोकाला पांढरा, कोवळा मोड होता.

"बघा," तळहात नवऱ्यापुढे धरून ती म्हणाली. "आज ऊन पडलंय. आज वाळवला नाही, तर हा मका आपण ओसरीवर पेरलाच आहे म्हणून समजा."

नवऱ्याने दाणा दाताखाली धरला. तो फुटला नाही, नुसता चेपला. "रस्त्यावर नेऊ," तो म्हणाला.

दुसरी जागाच नव्हती. अंगणात घोट्याएवढा चिखल होता आणि खळ्याचं तळं झालं होतं. कोरडा, कठीण, तापणारा असा एक रस्ता तेवढा उरला होता. पूर्वी जिथे गाडीवाटेच्या चाकोऱ्या होत्या, तिथे दोन वर्षांपूर्वी डांबर पडलं. सरकारने रस्ता बांधला तो गाड्यांसाठी. गावाने मात्र त्याच्यात खळं पाहिलं. सुगी आली की कोसभर रस्त्याच्या एका अंगाला दाण्यांच्या लांबच लांब पट्ट्या पडत. गाड्यांनी त्यावरून जाऊ नये म्हणून भोवती दगड मांडलेले असत. या कामाचा एक रिवाजही आपसूक ठरून गेला होता. दाणे बायकांनी भरायचे आणि दगड पुरुषांनी उचलायचे.

दुपारपर्यंत थोरलीच्या घरची पट्टी पसरून झाली. दीर, म्हणजे धाकटा, हातगाडीवरून पोती आणत होता, थोरलीचा नवरा ती उपडी करत होता आणि ती स्वतः लाकडी दाताळ्याने दाणे पातळ ओढत होती. तिची जाऊ धाकटी सातव्या महिन्यात होती. ती बांधावर बसून मोड आलेले दाणे वेचून वेगळे काढत होती. ज्या अंगाने वेगात गाड्या येत, त्या कोपऱ्यावर नवऱ्याने जात्याचा दगड ठेवला. सासूच्या वेळचं जातं फुटलं तेव्हा वरचा दगड शाबूत राहिला होता. त्याच्या मधोमध भोक होतं आणि कडेला खुंट्याची खोबण. चपटा, काळा, डांबराच्याच रंगाचा. गावात असा दगड दुसऱ्या कोणाचा नव्हता.

उन्हं कलायला लागली तेव्हा दूधवाला गेला. मोटारसायकलीच्या दोन्ही अंगांना कॅन, पुढे टाकीवर एक, आणि डोक्याला काही नाही. ओळखीच्या माणसापाशी आला की तो दोनदा हॉर्न वाजवत असे.

"थोरल्या वहिनी, रस्ता माहेराहून आणलात वाटतं?"

"हो तर! तुम्हाला जायला वाट सोडलीय, ती आमच्या भावाची मेहेरबानी."

"मग भावाला सांगा, आणखी हातभर सोडली असती तर काही बिघडलं नसतं!" तो हसत पुढे गेला. संध्याकाळचं दूध गोळा करून दिवेलागणीला तो याच वाटेने परतायचा.

तो गेला आणि घटकाभरात वारा फिरला.

प्रथम धाकटीने मान वर केली. "ताई, ते बघा." डोंगराच्या अंगाने ढग असा उठला होता, की कोणी भिंत बांधत आणावी. मग एकच धांदल उडाली. फळीने दाणे ओढायचे, फावड्याने पोत्यात लोटायचे, तोंड आवळायचं, पुढचं पोतं. थोरलीचे गुडघे डांबरावर सोलवटले. पहिला थेंब तिच्या मानेवर पडला तेव्हा शेवटची चार पोती उरली होती.

"पोती आधी," नवरा ओरडला. "दगड मी येऊन उचलतो."

"तुम्ही पोती घरात घ्या. ढकलून लावा नीट, खाली फळ्या घाला. दगडांचं मी बघते."

तिने बघितलंही. वाकून एकेक दगड उचलून तिने कडेच्या खड्ड्यात टाकला. सोळा-सतरा झाले. शेवटी जात्याचा दगड राहिला. पावसाने तो बुळबुळीत झाला होता आणि इतका चपटा बसला होता, की खाली बोटं शिरेनात. तिने एकदा जोर केला. कमरेत कळ आली. दुसऱ्यांदा पायाने रेटला. तो वीतभर सरकला आणि थांबला. ती उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. तिच्या मनात आलं, उद्या याच कोपऱ्यावर लागणार आहे. कडेलाच तर आहे. पाऊस वाढला. ती फडकं डोक्यावर घेऊन घराकडे पळाली.

ती कड म्हणजे डांबराच्या आत दोन हात होती. हे तिला त्या क्षणीही माहीत होतं.

*

आवाज मोठा नव्हता. रिकामं पिंप पायऱ्यांवरून घरंगळावं, तसा झाला. त्याआधी एक ट्रक गेल्याची घरघर ऐकू आली होती. थोरली चुलीपुढे बसली होती. ती उठलीच नाही. हातातलं लाकूड चुलीत सारायचं राहिलं आणि ती कान देऊन वाट बघत राहिली, की आता दोनदा हॉर्न वाजेल.

वाजला नाही.

"रस्त्यावर झालं काहीतरी," धाकटा म्हणाला आणि धावला. त्याच्यामागे नवरा. मग ती.

अजून उजेड होता. राखेच्या रंगाचा, वस्तूंच्या कडा पुसणारा. दूधवाला उताणा पडला होता, एक पाय मोटारसायकलीखाली. कॅन उघडून दूध सांडलं होतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर डांबरावरून पांढरी धार तिच्या पायांकडे येत होती. ती बाजूला सरली. शेजारच्या वस्तीवरची माणसं गोळा झाली. त्यात रेडिओही होता. हा माणूस गावभरच्या बातम्या ऐकवत फिरायचा, म्हणून त्याला लोकांनी हे नाव दिलं होतं आणि त्यालाही ते मानाचं वाटे.

"ट्रकने उडवला," रेडिओ म्हणाला. "मी डोळ्यांनी बघितला ट्रक. थांबलासुद्धा नाही, हरामखोर!"

"श्वास चालू आहे," नवरा म्हणाला. "अगं, डोकं धर त्याचं."

थोरलीने मांडी घालून डोकं दोन्ही हातांत धरलं. केसांतून ऊन, चिकट काहीतरी तिच्या बोटांवर आलं. त्याचे डोळे अर्धे उघडे होते आणि ओठ हलत होते. कोणी तरी ओंजळीने त्याच्या तोंडात पाणी ओतलं. ते गालावरून परत आलं. दोघांनी काखेत हात घालून त्याला वर ओढलं.

"सोड आता वहिनी. बसवू दे त्याला."

तिने सोडलं. मान मागे गेली, मग पुढे आली. धाकट्याने मोटारसायकल सुरू केली, त्याच्या मागे दूधवाल्याला बसवला आणि त्याच्या मागे रेडिओ बसला, दोन्ही हातांनी कवळ घालून. दूधवाल्याचं डोकं धाकट्याच्या पाठीवर टेकलं. जत्रेतून परतताना झोपलेलं पोर असतं, तसं. त्याचे पाय दोन्ही बाजूंना लोंबत होते. एक चप्पल पडली. ती कोणी उचलली नाही.

गाडी निघाली. सगळी माणसं तिच्या मागच्या दिव्याकडे बघत उभी राहिली.

तेव्हा थोरलीने मागे पाहिलं. जात्याचा दगड होता त्या जागी नव्हता. तो चार हात पुढे उपडा पडला होता आणि त्याच्या कडेचा टवका उडून आतला करडा रंग दिसत होता. भोकात दिव्याच्या काचेचा तुकडा अडकला होता.

तासाभरापूर्वी जो उचलेना, तो दगड तिने एका दमात पोटाशी उचलला. वजन जाणवलंच नाही. बांधावरून, चिखलातून, पाय घसरत ती घरी आली तेव्हा तिच्या तोंडातून कुत्र्यासारखी धाप निघत होती. मागच्या दारी पाण्याचं पिंप होतं. रात्रीचं पाणी अजून भरायचं होतं, म्हणून ते रिकामंच होतं. तिने ते कलंडवलं, दगड खाली सारला, पिंप वर ठेवलं आणि घागरीमागून घागर ओतत राहिली, काठोकाठ भरेपर्यंत.

*

सकाळी रेडिओने बातमी आणली. दूधवाला जिवंत आहे. डोक्याला टाके पडलेत. शुद्ध नाही. डॉक्टर टाचणी टोचतो, पण पाय हलत नाहीत.

"आणि ट्रकवाला सापडला," रेडिओ म्हणाला. "डिझेल भरताना धरला. मडगार्डला पोचा आहे म्हणे. तो म्हणतो, माझा पोचा जुना आहे. सगळ्यांचेच पोचे जुने असतात, पकडले गेल्यावर!"

लोक हसले. थोरलीच्या नवऱ्यानेही हसल्यासारखं केलं. मग तो तोंड धुवायला मागच्या दारी गेला. तांब्या पिंपात बुडवताना त्याचा हात नेहमीच्या उंचीवर गेला आणि पिंपाच्या काठावर आपटला. तो खाली वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.

"पिंप उंच झालंय," तो म्हणाला.

थोरली भांडी घासत होती. तिचा हात थांबला नाही. "चिखल होतो हो खाली."

नवऱ्याने तोंडावर पाणी मारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. "बरं केलंस," तो म्हणाला. "उंचच बरं."

एवढंच. पण त्या दिवसापासून दोघं एकमेकांच्या डोळ्यांना डोळा देईनात.

ऊन पुन्हा पडलं होतं आणि मका वाट बघणारा नव्हता. दाणे परत रस्त्यावर आले, दगड परत मांडले. कोपऱ्यावर या वेळी बाभळीची फांदी आली. धाकट्याने विचारलं, "दादा, जात्याचा दगड कुठाय?" नवरा म्हणाला, "असेल खड्ड्यात कुठे तरी." धाकटा खड्ड्याकडे बघायला निघाला, तसा नवरा त्याच्यावर खेकसला, "काम कर की! दगडाला काय मुहूर्त लागतो?"

मोटारसायकलीचा आवाज आता थोरलीला सगळ्यांच्या आधी ऐकू येई. लांबून, वळणापलीकडून तो बारीक यायचा आणि तिचं दाताळं आपोआप थांबायचं. गाडी पट्टीपाशी येऊन वळसा घेऊन पुढे जाईपर्यंत ते पुन्हा हलत नसे. दिवसभरात अशा कितीतरी गाड्या गेल्या. एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं. एकावर चौघं होती. कोणाच्याच डोक्याला काही नव्हतं. हे सगळं याआधी कधी तिच्या नजरेला आलंच नव्हतं. दाण्यांतला खडा तेवढा तिला दिसायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार आला. बुटांनी दाणे उधळत तो पट्टीच्या मधूनच चालत गेला आणि दूध सांडलं होतं त्या जागी थांबला. आता तिथे मुंग्या होत्या.

"इथे तुमचेच दगड होते ना परवा?"

"होते साहेब," नवरा म्हणाला. त्याने डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला होता. "संध्याकाळी उचलतो आम्ही. रोज. कोणालाही विचारा."

"परवा कोणी उचलले?"

थोरलीच्या कानात पाणी भरल्यासारखं झालं. नवरा म्हणाला, "मी."

हवालदाराने तिच्याकडे पाहिलं. ती दाताळ्याचे दात मोजत असल्यासारखी खाली बघत होती. "ठीक आहे," तो म्हणाला. "ट्रकवाला सापडलाच आहे. दोन दिवस बसवलंय, बोलेल." जाताना त्याने बूट दाण्यांवर घासून मुंग्या झाडल्या. नवरा त्याच्या मागून वाकून तेवढे दाणे गोळा करत राहिला.

*

तिसऱ्या दिवशी नर्सबाई आली. रस्त्याच्या टोकाला, वळणावर छोटा दवाखाना होता. तिथे ती एकटीच असे. लशी, बाळंतपणं, ताप असं सगळं तिच्याच गळ्यात. ती सायकलवरून येई आणि पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या वह्या असत. धाकटीचं पोट तपासून झाल्यावर तिने त्यांतली एक वेगळीच वही काढली.

"हे कशाचं?" धाकटीने विचारलं.

"रस्त्यावर लागलेल्या माणसांचं. कोणी सांगितलेलं नाही, मीच लिहितेय." ओसरीवर मक्याच्या पोत्याला टेकून ती बसली. "दोन सुग्या झाल्या. या कोसभरात अकरा माणसं पडली. तिघं गेली. एकाचा हात गेला. आता हा. मोठ्या दवाखान्यात जाऊन मी त्यांचे कागद बघितले. नऊ जणांपुढे एकच नोंद आहे. अज्ञात वाहन."

"म्हणजे?" थोरलीने विचारलं. तिने विचारायला नको होतं. नवरा दारात उभा होता. त्याने घसा खाकरला.

"म्हणजे काय आपटलं ते माहीत नाही, पण काहीतरी गाडी असेल. मला मोठी गंमत वाटते बाई. ही अज्ञात गाडी पेरणीत येत नाही. उन्हाळ्यात येत नाही. बरोबर सुगीत येते, दिवेलागणीला नाही तर पहाटे. आणि आदळून जाते, पण मोटारसायकलीला मागून खरचटतसुद्धा नाही. पुढचं चाक तेवढं वाकतं."

कोंबडी पोत्याला चोच मारत होती, तिला कोणी हाकललं नाही.

"हवालदाराला सांगा की," नवरा म्हणाला.

"मला कोणाला पकडायचं नाही, दादा. जुलाबाची साथ आली की मी घरोघर काय विचारते? पाणी कुठलं प्यायलात. अकरा जण एका आडाच्या पाण्याने आडवे झाले असते, तर मी त्या आडावर झाकण घातलं असतं. मग इथे का नाही विचारायचं?" ती नंतर हळू आवाजात म्हणाली, "त्याला उचलताना मान कोणी धरली होती?"

"मी," थोरली म्हणाली.

"शेवटपर्यंत?"

"नाही. बसवायचं म्हणाले. मग सोडली."

नर्सबाईने वही मिटली. "पडतानाच पाठ गेली असेल. कदाचित बसवताना गेली असेल. आता कोणाला सांगता येणार नाही. तुम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं." मग ती उठली, मक्याचं पोतं आडवं केलं आणि गुडघे टेकून दाखवलं. डोकं असं, दोन्ही कानांवर हात. कोणी काहीही म्हणो, सोडायचं नाही. पाणी पाजायचं नाही. बसवायचं नाही. सपाट फळीवर घ्यायचं. "तुमच्याकडे दाणे ओढायची फळी आहेच की. तीसुद्धा चालते."

निघताना तिने पाणी मागितलं. थोरलीने तांब्या पिंपात बुडवला. नर्सबाई पिंपाशीच उभी राहून घटाघटा प्यायली. तिच्या चपलेचं टोक दगडाच्या उडालेल्या टवक्याला टेकलं होतं. थोरली दुसरा तांब्या भरून परत पिंपातच ओतत होती, पाणी तिच्याच पायावर सांडत होतं.

"तब्येत बरी आहे ना तुमची?" नर्सबाईने विचारलं.

"झोप नाही," थोरली म्हणाली.

*

चौथ्या दिवशी धाकटा धाकटीला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेला. तिची तपासणीही होती आणि दूधवाल्याला बघणंही होतं. "उन्हं आहेत तोवर निघा," थोरलीने चारदा बजावलं. "उन्हं आहेत तोवर!"

"वहिनी, तुमचं आजकाल काहीतरी बिनसलंय," धाकटा हसला. "गाडीच आहे, वाघ नाही."

मका खडखडीत वाळला होता. दाताखाली धरला की टक् आवाज करून फुटत होता. एरवी या आवाजाने घरात आनंद झाला असता. त्या संध्याकाळी थोरलीने शेवटचं पोतं भरलं, आपल्या पट्टीचे सगळे दगड उचलले, फांदीसुद्धा उचलली, आणि सरळ उभी राहून रस्त्याकडे पाहिलं.

उजेड राखेच्या रंगाचा झाला होता. पुढे शेजाऱ्यांची पट्टी उचलली गेली होती, पण दगड तसेच होते. त्यापुढे रेडिओची पट्टी. तिथेही तसेच. त्यापुढेही. वळणापर्यंत काळ्या रस्त्यावर काळे ठिपके. उद्या इथेच लागणार आहेत.

धाकटी अजून आली नव्हती.

थोरली चालायला लागली आणि मग धावायला. पहिल्या पट्टीचे दगड तिने पायाने लोटले, दुसऱ्या पट्टीचे हाताने उचलून फेकले. एका दगडाखालून विंचू निघाला. तिने पाहिला आणि पुढचा दगड उचलला. नखाखाली रक्त आलं. रेडिओ आपल्या दारातून ओरडला, "अगं ए थोरले! माझे दगड का टाकतेस? वेड लागलं काय?"

"उचल!" ती ओरडली. "उचल आधी! माझी जाऊ येतेय!"

"मग येऊ दे की! तिला काय दिसत नाही?"

वळणापलीकडून बारीक आवाज यायला लागला होता. तिने तो ओळखला. धाकट्याच्या गाडीचा पुढचा दिवा महिन्याभरापासून बंद होता. अजून सहा-सात दगड बाकी होते. आवाज वाढत गेला. थोरलीने डोक्याचं फडकं ओढून काढलं आणि ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात वर करून, फडकं हलवत. तिच्या तोंडातून आवाज निघत होता, पण शब्द नव्हता.

गाडी करकचून थांबली. पुढचं चाक तिच्यापासून हातभर. चाकाच्या डाव्या अंगाला, वीतभर पुढे, रेडिओचा एक दगड होता.

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला होता. "वहिनी! मारणार होतो की मी तुम्हाला!"

थोरली रस्त्यातच खाली बसली. धाकटी कष्टाने उतरली आणि तिच्याजवळ आली. "ताई, काय झालं? आम्ही बरे आहोत. उशीर झाला कारण त्यांना शुद्ध आली. दूधवाल्यांना. बोलले आमच्याशी."

थोरलीने वर पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तिच्या मनात तर भर दुपार होती. "काय बोलले?"

"त्यांना काहीच आठवत नाही. ट्रक नाही, पडल्याचं नाही. ढग आला होता, एवढंच आठवतं." धाकटीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मला म्हणाले, पाऊस आला होता ना गं, थोरल्या वहिनींचा मका भिजला का?"

रेडिओ दारातून रस्त्यापर्यंत आला होता. त्याने ते ऐकलं. मग तो वाकला आणि चाकाजवळचा आपला दगड उचलून, कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा, हातात धरून उभा राहिला.

*

त्याला काहीच आठवत नव्हतं. म्हणजे आता कोणाला कधीच कळणार नव्हतं. रात्रभर थोरली हेच स्वतःला सांगत होती, आणि जसजशी सांगत गेली तसतशी तिला जास्तच भीती वाटायला लागली. दूधवाला अंथरुणावर पडून आयुष्यभर विचारत राहील, मका भिजला का. ट्रकवाला सांगत राहील, पोचा जुना आहे. आणि ती पुढल्या सुगीत कोपऱ्यावर फांदी ठेवत राहील.

उजाडल्यावर तिने पिंप कलंडवलं. भरलेलं पाणी अंगणभर पसरलं. नवरा ओसरीवर उठून बसला.

"काय करतेस?"

"नर्सबाईकडे नेते."

"मी हवालदाराला सांगितलंय, मी उचलले म्हणून. मला खोटं पाडणार?"

"माझं नाव सांगेन. दगड मी सोडला होता."

"पोलीस घेऊन जातील तुला. दूधवाल्याचे भाऊ दारात येतील. कळतंय का?"

"कळतंय," ती म्हणाली. फडक्याची चुंबळ करून तिने डोक्यावर ठेवली, दगड उचलला आणि निघाली. नवऱ्याने हात पुढे केला नाही. अडवायलाही नाही.

रस्त्यावर लोक पोती उपडी करत होते. तिच्या डोक्यावर काय आहे ते पाहून एकेक जण थांबला. असा दगड गावात दुसऱ्या कोणाचा नव्हता. रेडिओने तोंड उघडलं आणि मिटलं. ती कडेकडेने, डांबर सोडून, चिखलातून चालत राहिली. मान दुखत होती. दूधवाल्याची मान अशीच तिच्या हातांत होती, आणि तिने ती सोडली होती.

नर्सबाई दवाखान्याचं दार उघडत होती. थोरलीने दगड पायरीवर उतरवला. काचेचा तुकडा अजून भोकात होता.

नर्सबाईने दगडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिने आत जाऊन वही आणली. पायरीवर बसून पान उघडलं.

"सांगा," ती म्हणाली.

"जातं लिहा. आमच्या घरचं. पावसात मी सोडून आले. उद्या लागणार म्हणून."

नर्सबाईने लिहिलं. सावकाश, एकेक शब्द. मग पेन ठेवून म्हणाली, "हे माझ्या वहीत आलं. पण तो ट्रकवाला अजून चौकीत आहे. तिथेही जावं लागेल बाई. मी येते बरोबर."

"जाते मी." तिने पुन्हा चुंबळ डोक्यावर ठेवली, पण या वेळी दगड उचलता येईना. एकदा केला जोर, दुसऱ्यांदा केला. नर्सबाई हात लावायला वाकली, तेवढ्यात मागे चाकांची खडखड झाली.

नवरा हातगाडी घेऊन आला होता. घामाने भिजलेला, चपला न घालता. गाडीत फळी होती, दाणे ओढायची. त्याने कोणाकडे पाहिलं नाही. वाकून दगड उचलला आणि फळीवर ठेवला.

"डोक्यावर कुठवर नेशील," तो म्हणाला. "चौकी लांब आहे."

नर्सबाईने दार लावून घेतलं आणि सायकल हातात धरून त्यांच्या मागे निघाली. नवरा पुढून ओढत होता, थोरली मागून ढकलत होती. वळणापाशी मागून गाडीचा आवाज आला. आधी बारीक, मग मोठा. दोघं एकमेकांना न सांगता थांबली. हातगाडी चिखलात उतरवली आणि ती गाडी जाईपर्यंत, जाऊन तिचा आवाज पार विरेपर्यंत, तशीच उभी राहिली.